तिसऱ्यांदा विचारा

आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर कुणी बसत नाही. बसलं तर गर्व झाला म्हणतील. म्हणून सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसतात आणि पास्टर बिचारी समोरच्या रिकाम्या लाकडाला उपदेश करते. हे सांगितलं म्हणजे गुद्रुनचं काय दुखणं आहे ते कळेल.

गुद्रुन माझ्या आईची मैत्रीण आणि माझी शेजारीण. नाताळाआधी चर्चमध्ये जे जेवण होतं त्याला लेफ्सा लागतेच. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी, इतकी पातळ की खालचं फडकं दिसावं. तशी पोळी आता आमच्या गावात एकट्या गुद्रुनला जमते. बाकीच्यांची लाटतानाच फाटते, माझी सगळ्यांच्या आधी. आणि ही बाई शनिवारी कायमची ॲरिझोनाला लेकीकडे निघाली होती. मिनेसोटाची थंडी तिच्या गुडघ्यांना सोसवेना. म्हणजे शनिवारनंतर लेफ्सा संपली.

रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी पिताना पास्टर डार्लानं सगळ्यांसमोर विचारलं, "गुद्रुन, जायच्या आधी आम्हाला लेफ्सा शिकवाल?"

"छे, मला काय येतंय!" गुद्रुन म्हणाली. "कुणालाही जमतं ते."

"बरं," पास्टर म्हणाली आणि केक घ्यायला वळली.

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे काहीही तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यायचं असतं. कॉफी असो, खुर्ची असो, नाहीतर मान. पहिल्या दोन वेळा नाही म्हणायचं, ती रीतच आहे. पण डार्ला टेक्सासची. तिकडे माणूस नाही म्हणाला की नाहीच म्हणालेला असतो. बरं, तिनं तोंड उघडलंय म्हटल्यावर शेवटपर्यंत तिनंच विचारायचं. मध्ये मी नाक खुपसलं तर तो आगाऊपणा. आणि हे सगळं तिला उघड समजावून सांगायचं, तर तेही आमच्यात बसत नाही. तुम्हीच सांगा, करायचं काय?

"पुन्हा एकदा बघा की विचारून," मी तिला हळूच म्हटलं.

तिनं बुधवारी गाडीपाशी गाठून विचारलं. गुद्रुन म्हणाली, "अहो, तुमचा वेळ कशाला घालवू? देवानं हाताला थोडं वळण दिलंय, त्यात माझं काय?" खांद्याला तिची ती भली मोठी पिशवी होती. रविवारीही तीच होती.

"दोनदा नाही म्हणाल्या त्या," पास्टर मला म्हणाली. "आता मी म्हाताऱ्या माणसाला छळणार नाही, आर्डिस. त्यांच्या शब्दाचा मान ठेवायला हवा."

मान म्हणे! मला त्या दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीशी वाटली.

गुरुवारी पास्टरनं फोनवर व्हिडिओ लावला आणि चर्चच्या स्वयंपाकघरात स्वतःच लेफ्सा करायला घेतली. गरम गरम बटाट्यातच तिनं मैदा ओतला. त्याची खळ झाली. ओट्याला चिकटली, लाटण्याला चिकटली, तिच्या कोपरापर्यंत गेली. एक गोळा कसाबसा तव्यावर पडला आणि तिथेच बसला. गुद्रुन कोपऱ्यात उभी राहून आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसत होती, पिशवी खांद्यालाच. पास्टरनं तव्यावरून खरवडलेला तुकडा तिच्यापुढे धरला. गुद्रुननं तो चघळला, बराच वेळ चघळला.

"वेगळी झालीय," ती म्हणाली.

पास्टरचा चेहरा उजळला. "ऐकलंस आर्डिस? वेगळी म्हणाल्या!"

आमच्या गावात यापेक्षा वाईट शिवी नाही. गावातल्या एका बाईनं घर जांभळं रंगवलं तेव्हाही लोक एवढंच म्हणाले होते. आणि माझा तोल गेला.

"गुद्रुन, हा तुझा नम्रपणा नाही," मी ओरडले. "हा चिक्कूपणा आहे! देवानं दिलंय म्हणतेस ना? मग त्याचं आहे ते वाटताना तुझा हात का आखडतो?"

आमच्याकडे कुणी असं बोलत नाही. पण बोललेलं परत घ्यावंसं मला वाटत नव्हतं.

गुद्रुनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "शिकवायचं नव्हतं असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारलंच नाही कुणी." आणि तिनं पिशवीतून लाटणं काढलं, खाचांचं, जुनं, मुठीपाशी झिजलेलं. रविवारपासून ती ते घेऊन फिरत होती.

पास्टरनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पिठाचे हात पुसून ती गुद्रुनसमोर उभी राहिली.

"गुद्रुन, मला शिकवाल?"

"आता एवढा आग्रहच करताय तर," गुद्रुन म्हणाली आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या. "आधी ते बटाटे फेकून द्या. मैदा घालायचा तो बटाटे रात्रभर थंड झाल्यावर, लाटायच्या अगदी आधी."

शुक्रवारी दिवसभर आम्ही लाटत होतो. पास्टरची पोळी फाटली की गुद्रुन तुकडे जोडून पुन्हा तिच्याच हाताखाली सरकवायची. स्वतः एकही लाटली नाही. माझी पहिली अख्खी पोळी उलटायच्या चपट्या काठीवर उचलली गेली, तेव्हा तिनं ती खिडकीकडे धरली. पलीकडचा बर्फ दिसत होता.

"हं," ती म्हणाली. मग लाटणं पुसून माझ्यापुढे धरलं. "पुढच्या वर्षीपासून तू शिकवायचंस."

"छे, मला काय येतंय!" माझ्या तोंडून निघून गेलं.

पास्टर हसली. "हे एकदा झालं," ती म्हणाली. "अजून दोनदा विचारा, गुद्रुन."

गुद्रुन हसली नाही. तिनं माझा हात धरला, लाटणं त्यात ठेवलं आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली.

"तेवढा वेळ नाही गं," ती म्हणाली. "उद्या माझं विमान आहे."