घरखर्चाचा पुरावा

कुलपांच्या दुकानदाराला आयकर कार्यालयाने बोलावलं होतं. चौघांचं घर इतक्या थोडक्या पैशांत चालणं शक्य नाही, म्हणजे उरलेला खर्च लपवलेल्या कमाईतून होतो, असं साहेबांचं म्हणणं होतं. ते खरं धरलं गेलं असतं तर दंडापायी दुकानच विकावं लागलं असतं.

दुकानदाराने बायकोला तिच्या हिशेबाच्या वह्यांसकट सोबत आणलं. आजचा हिशेब दाखवल्याशिवाय तिला उद्याचे पैसे मिळत नसत, त्यामुळे वह्या अगदी चोख होत्या.

साहेब बराच वेळ पानं उलटत राहिले.

"बाई, महिन्याच्या शेवटी भाजीच दिसत नाही."

"नसतेच, साहेब."

"आणि तुमचा स्वतःचा खर्च?"

"तिला काही लागतच नाही हो!" दुकानदार कौतुकाने म्हणाला.

"लागतं की," बायको म्हणाली. "चष्मा दरवर्षी मागते. मागितल्याची तारीख लिहिलीय बघा, आणि पुढे 'नामंजूर' म्हणून ह्यांची सही."

साहेबांनी सगळ्या सह्या ताडून पाहिल्या आणि शेरा मारला: खुलासा समाधानकारक, दंड नाही.

जिन्यात दुकानदाराचा आनंद पोटात मावेना. "वाचलो गं तुझ्यामुळे!"

"मग आता चष्मा घेऊ या?" कठड्याला धरून पायऱ्या चाचपत तिने विचारलं.

"वेडी आहेस का?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "एकदम खर्च वाढला तर साहेबांना संशय नाही का येणार?"