टोक धरणारी

मोजणीकाकांनी उभं आयुष्य दुसऱ्यांची घरं मोजण्यात घालवलं. त्यांची सही असलेल्या नकाशावर घर घेणारे डोळे झाकून विश्वास ठेवत, आणि काका या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. रिकाम्या घरात स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून ते विटले आणि त्यांनी घर विकायला काढलं. घेणाऱ्याची एकच अट होती, नकाशा आणि घर जुळलं पाहिजे.

त्याने पाठवलेली मोजणीवाली पंचविशीतली होती. तिने खिशातून एवढंसं यंत्र काढलं, भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि आकडा लिहून घेतला.

"मी पलीकडे टोक धरू?" काकांनी विचारलं.

"नको काका, याला दुसरं माणूस लागतच नाही."

काका तिच्या मागे मागे हिंडले. सगळं घर तंतोतंत जुळलं. मागाहून बांधलेल्या खोलीत मात्र ती थबकली.

"काका, नकाशात लांबी चार मीटर दहा आहे. भरतेय तीन दहा."

"यंत्र बिघडलंय तुझं!" काका कडाडले आणि तरातरा जाऊन जुना टेप घेऊन आले. त्याचं टोक पहिल्यापासून तुटकं, त्यामुळे भिंतीला एकचा आकडा लावायचा आणि वाचलेल्यातून एक मीटर वजा करायचा. मुलीने टोक धरलं. काकांनी वाचलं, चार दहा. वजा जाता तीन दहा. काकांनी पुन्हा वाचलं. तेच.

घरातल्या प्रत्येक मोजणीला टोक बायको धरायची आणि दर वेळी ओरडायची, "अहो, एक मीटर सोडा!" काका चिडायचे. मला शिकवतेस का? ही खोली मोजली त्या दिवशी दोघांचा अबोला होता. भांडण कशावरून झालं ते आता देवालाच ठाऊक. तिने मुकाट्याने टोक धरलं, यांनी मुकाट्याने चार दहा लिहिले.

पुढे नकाशाबरहुकूम केलेलं कपाट त्या खोलीत मावेना, तेव्हा काकांनी सुताराला झाडलं. बायको म्हणायची, "अहो, खोलीच लहान आहे." काका तिच्यापुढे नकाशा नाचवायचे. शेवटच्या आजारात तिची आणि सोबतीला निजणाऱ्या काकांची, अशा दोन खाटाही तिथे ओळीने बसल्या नाहीत. मग ती पुढच्या खोलीत, आल्यागेल्याच्या नजरेसमोर पडून राहिली. तेव्हासुद्धा या गृहस्थांनी दोष खाटांनाच दिला.

मुलगी जुना नकाशा निरखत होती. खाली दोन ओळी होत्या, मोजणारा आणि टोक धरणारी.

"काका, टोक सरकलं होतं असं लिहू?" ती हळूच म्हणाली. "तुमचं नाव राहील. आम्ही तुमचेच नकाशे बघून शिकलो हो."

किती सोपं होतं! जी आता नव्हती तिच्यावर ढकलायचं, आणि ती काही उठून बोलणार नव्हती. क्षणभर काकांना मोह झाला, आणि त्या क्षणाची त्यांना भयंकर लाज वाटली.

"पेन दे," ते म्हणाले.

चार दहावर काट मारून त्यांनी तीन दहा लिहिलं. खाली लिहिलं, "चूक वाचणाऱ्याची. टोक बरोबर धरलं होतं." मग सही केली.

"घेणारा बिथरेल, काका. टोकाचं त्याला काय करायचंय?"

"बिथरू दे. ते त्याच्यासाठी नाही लिहिलं."

मुलगी निघून गेली. काका टेप गुंडाळायला बसले. समोरच्या भिंतीपाशी पडलेलं तुटकं टोक फरशीवरून घासत त्यांच्याकडे येऊ लागलं.

"लहानच होती गं खोली," ते म्हणाले.