लोचोची फेरी

नीलाला कुत्र्यांची भीती नव्हती. बाकी बहुतेक सगळ्याची होती. लिफ्टची होती, गॅस चालू राहिल्याची होती, अवेळी वाजणाऱ्या फोनची होती. बँकेने नाशिकहून सुरतेला बदली केली तेव्हा तिची झोपच उडाली होती. नवरा, प्रभाकर, त्याच्या नोकरीमुळे नाशिकलाच राहिला आणि डिंडोलीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पन्नाशी ओलांडलेली नीला एकटीच दारांच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासत राहू लागली.

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं. सोसायटीच्या बागेत गोल गोल फिरून ती कंटाळली, तेव्हा बँकेतल्या रश्मीने कुत्र्यांच्या निवाऱ्याचं नाव काढलं. कडोदऱ्याच्या पुढे, जिथे कारखाने संपून उसाची शेतं लागतात, तिथे तो होता. "अपघात झालेली, टाकून दिलेली कुत्री असतात बिचारी. रविवारी जायचं आणि त्यांना फिरवून आणायचं. तुझंही चालणं होईल."

नीला एकदा गेली आणि मग जातच राहिली. कुत्र्याबरोबर चालताना मनातली किरकिर गप्प बसते, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं.

निवारा गजेंद्र चालवायचा. त्याचे वडील धुळ्याहून लूमवर कामाला आलेले. तो स्वतः सुरतेतल्या लिंबायतमध्ये जन्मला नि वाढला, त्यामुळे त्याच्या एकेका वाक्यात तीन-तीन भाषा असायच्या. त्याने नीलाच्या हाती लोचो दिला. पिवळसर, मऊ, बसला की नुसता पसरणारा, म्हणून त्याला लोचो या वाफवलेल्या मऊ सुरती फरसाणाचं नाव मिळालेलं. टेम्पोखाली त्याचा मागचा एक पाय गेला होता. उरलेल्या तीन पायांवर तो टुणटुण चालायचा आणि दर थोड्या वेळाने मान वळवून नीला आहे ना, हे बघायचा. अशी खात्री करून घेणारं दुसरं कुणी नीलाला आजवर भेटलं नव्हतं.

त्यांची फेरी ठरलेली. निवाऱ्याच्या फाटकातून निघायचं, कालव्याच्या कडेने पाणी सोडायच्या दरवाजापर्यंत जायचं आणि परत यायचं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस.

जानेवारीतल्या त्या रविवारी धुकं दाट होतं. ऊसतोड सुरू झाल्यामुळे पलीकडची शेतं मोकळी झाली होती. कालव्याकाठचा एक पट्टा तेवढा उभा होता. फाटकात नीला घुटमळली.

"गजेंद्र, काही दिसत नाहीये रे."

"अरे ताई, टेन्शन नै लेवानू. ऊन आलं की उडून जाईल सगळं."

"उसात काही असतं का?"

"डुकरं असतात. माणसाचा आवाज आला की पळतात."

एवढं बोलणं झालं आणि नीला लोचोला घेऊन निघाली.

अर्धी वाट लोचो मजेत होता. दरवाजाचा सिमेंटचा चौथरा धुक्यातून दिसू लागला, तोच तो थांबला. आधी नीलाला वाटलं, त्याला पाय वर करायचाय. पण तो हुंगत नव्हता. तो उसाकडे बघत होता आणि त्याचं सगळं अंग, कान, मान, पाठ, ताणलेल्या तारेसारखं झालं होतं.

"चल रे लोच्या," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला फार मोठा वाटला.

लोचो हलला नाही. मग मागे सरकत तो तिच्या पोटऱ्यांना येऊन चिकटला. त्याची थरथर तिच्या पायांतून वर चढली, आणि कशाला घाबरायचं ते कळण्याआधीच नीला घाबरली. उसाचं एक पान हललं. वारा नव्हता.

मग तिला ते दिसलं. आधी नुसती पिवळट सावली, मग सावलीवरचे ठिपके, मग डोळे. उसाच्या कडेला, रस्त्याला अगदी लागून, बिबट्या पोट जमिनीला टेकवून बसला होता. मधे दोन रिक्षा मावतील एवढंही अंतर नव्हतं. तो नीलाकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या गुडघ्यांखाली, लोचोवर होती.

ओरडावं असं तिच्या मनात आलं. पळू नये, पाठ फिरवू नये, खाली वाकू नये. वर्तमानपत्रात वाचलेलं सगळं तिला आठवलं आणि त्यातलं काहीच शरीराला सांगता येईना. आणि मग, कुठून कोण जाणे, एक विचार अगदी स्वच्छ आला. याला मी नकोय. याला कुत्रा हवाय.

तिच्या उजव्या हाताची बोटं उघडली.

तिने ठरवलं नव्हतं. बोटं आपली आपण उघडली, गरम भांडं सोडून द्यावं तशी. पण दोरी खाली पडली नाही. दोरीचा फास तिच्या मनगटात होता. कुत्र्याने हिसका दिला तर पडाल, मनगटात अडकवू नका, असं गजेंद्र दर वेळी बजावायचा. पण कुत्रा सुटला तर काय, या धास्तीने ती फाटकाबाहेर पडताच फास चढवून घ्यायची. आता दोरी तशीच लोंबत राहिली, एक टोक तिच्या हाडाला आणि दुसरं लोचोच्या गळ्याला.

तिच्या बुटावर काहीतरी ऊन ऊन सांडलं. लोचोने मुतून टाकलं होतं. तो भुंकत नव्हता, गुरगुरत नव्हता. मान वर करून तो तिच्याकडे बघत होता.

नीलाने दोरी पुन्हा मुठीत घेतली. नजर बिबट्यावर ठेवून ती मागे सरकू लागली. चौथरा आता तिच्या मागे, कालव्याच्या बाजूला होता. त्याला सिमेंटच्या उंच पायऱ्या होत्या, वर लोखंडी कठडा. टाच पहिल्या पायरीला लागली. ती चढली. लोचोला चढता येईना. त्याने पुढचे पाय वर टाकले, मागच्या एका पायाने उडी घ्यायचा प्रयत्न केला आणि घसरला.

बिबट्या उठून उभा राहिला.

वाकल्याशिवाय लोचोला उचलता येणार नव्हतं. नीला वाकली. त्या क्षणी तिने डोळे मिटून घेतले. मानेवर काय येऊन आदळणार ते बघण्याची तिची तयारी नव्हती. दोन्ही हात लोचोच्या पोटाखाली घालून तिने त्याला गव्हाच्या पोत्यासारखं छातीशी ओढलं आणि तशीच चाचपडत, गुडघे सोलवटत वर गेली. कठड्याला पाठ लागली तेव्हा डोळे उघडले.

बिबट्या रस्त्यावर आला होता. तो चौथऱ्याकडे बघत उभा राहिला, मग खाली बसला. घाई नसलेल्या माणसासारखा बसला. तेवढ्यात धुक्याचा एक लोट कालव्यावरून आला आणि रस्ता, ऊस, बिबट्या सगळं पुसून गेला.

आतापर्यंत तो कुठे आहे हे तरी माहीत होतं. आता तो कुठेही असू शकत होता. पायरीवर, मागच्या बाजूला, अगदी खाली. लोचो तिच्या काखेत तोंड खुपसून होता. त्याचं काळीज तिच्या बरगड्यांवर धडधडत होतं. तिने फोन काढला. बोट भलत्याच नावांवर पडत होतं. शेवटी गजेंद्र लागला.

"बिबट्या," ती कुजबुजली.

"हलो? ताई? आवाज नै आवतो. काय झालं?"

"दीपडो," ती म्हणाली. गुजराती पेपरातल्या मथळ्यात वाचलेला शब्द नेमका तोंडात आला. "दरवाज्यावर."

पलीकडे किल्ल्या वाजल्या. मग, "हलू नका. येतो."

तो आला तो ॲक्टिव्हाचा हॉर्न दाबूनच. मागे निवाऱ्यात स्वयंपाक करणाऱ्या मंगलाबाई बसल्या होत्या आणि पातेल्यावर डाव बडवत होत्या. त्या दोघांना काहीच दिसलं नाही. ओल्या मातीत पंजे मात्र उमटले होते, आणि ते चौथऱ्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आले होते. ते बघून मंगलाबाईंनी डाव बडवायचा थांबवला. "ओ माय वं," एवढंच म्हणाल्या.

निवाऱ्यात तिला साखर घातलेला चहा दिला. तिने तो पिऊन टाकला. गजेंद्र सगळ्यांना सांगत होता. "ताईंनी दोरी सोडली नै, बोलो! दुसरा असता तर कुत्र्याला टाकून पळाला असता."

"मी सोडली होती," नीला म्हणाली.

"म्हणजे?"

"हात उघडला होता मी. मनगटात अडकली म्हणून राहिली."

गजेंद्रने तिच्या हातातला रिकामा पेला घेतला. "मग उचललं कोणी त्याला?" म्हणाला आणि पेला विसळायला गेला.

वनखात्याने उसाजवळ पिंजरा लावला. उरलेला ऊस तोडला गेला, पण पिंजऱ्यात काही आलं नाही. प्रभाकर फोनवर म्हणाला, आता तिकडे पाऊल टाकायचं नाही, आणि नीलाला ते बरं वाटलं, कारण ठरवण्याचं काम वाचलं. पण भीती सुटली नाही. पार्किंगमधल्या गाड्यांच्या मधून चालताना ती खाली बघायची. ऑफिसात फाइल उचलायला वाकताना तिची मान ताठ व्हायची आणि डोळे आपोआप मिटायचे.

मग एके दिवशी गजेंद्रचा फोन आला. "ताई, फिरवायला नका येऊ. नुसतं बसायला या. लोचो त्याच्या पिंजऱ्यातून बाहेरच नै निघत. कोणी दोरी आणली की मुततो."

ती रिक्षाने गेली, शेतं लागल्यावर मान खाली घालून. लोचो कोपऱ्यात होता. तिला बघून उठला नाही, शेपूट तेवढी एकदा जमिनीवर आपटली. ती त्याच्याजवळ फरशीवर बसून राहिली. दोरी बाहेरच ठेवली होती. मंगलाबाईंनी दोघांना पोळी आणून दिली. लोचोने त्याची खाल्ली, मग तिचीही.

ऊन वर आलं तेव्हा नीला उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. पुष्कळ वेळाने लोचो आला. भिंतीला लागून ते दोघं अंगणात चालले, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नीला, मधे तो. फाटकाशी आल्यावर दोघंही थांबले. सळ्यांतून कालव्याची वाट दिसत होती, ऊन पडलेली, रिकामी. लोचोचे कान ताठ झाले. नीलाच्या हाताला घाम फुटला. कडीला हात लावायचा तिचा विचारही नव्हता.

"राहू दे," ती त्याला म्हणाली. "आज इथवरच."

ती वळली. तो तिच्या आधीच वळला होता.