गोरक्षनाथाने विणलेली बाज

मी एक जुनी बाज आहे. जे सांगते ते २०२२ सालचे. मित्रांनो, शाळेत तुम्ही छत्रीचे, फळ्याचे मनोगत लिहिले असेल. माझे ऐकायला थोडे मोठे व्हावे लागते.

नेवाशाजवळच्या एका वस्तीवर राहीबाईच्या सासऱ्यांनी बांधावरच्या बाभळीतून माझे चार खूर घडवले. या घरातल्या तीन बाळंतिणी माझ्यावर शेकल्या. बायका म्हणायच्या, "काय विणलीय! भरला तांब्या ठेवा, हलायचा न्हाई." पुढे घरात पलंग आला आणि मला गोठ्याच्या भिंतीला उभे केले. काथ्या कुजला. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

राहीबाईचा मुलगा गोरक्षनाथ साखर कारखान्यात रात्रपाळीला होता. दिवसा झोपायचे म्हणून खोलीला कडी लावी आणि तासन् तास मोबाईलवर नको ती चित्रे पाहत राही. मन नको म्हणे, तरी हात तिकडेच जाई. ना झोप, ना कामात लक्ष, ना बायकोशी धड बोलणे. रुपालीने दोनदा पकडले. दोनदा त्याने शपथ घेतली. पहिल्या बाळंतपणाला मिरजगावला माहेरी निघताना ती म्हणाली, "मला आता रागवायचाबी कंटाळा आलाय. हे सुटलं तरच बाळाला घिऊन यीन. न्हाईतर न्हाई."

राहीबाईला वाटले, पोराला दृष्ट लागली. तिने मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही. "बघ, लई मोठी दृष्ट हुती!" ती म्हणाली.

सगळे दृष्टीवर ढकलून मोकळे होणे किती सोपे होते! गोरक्षनाथ बाहेर आला, मला आडवी करून बसला, तो कंबरेपर्यंत खाली गेला. उठला, पुन्हा बसला.

"आये, दृष्ट न्हाई. मोबाईलवर वंगाळ बघतो मी. सुटत न्हाई."

राहीबाई म्हणाली, "पोटात दुखलं तर डाक्टरकडं जातोस ना? मग ह्याला का न्हाई?"

नगरच्या समुपदेशक बाईंनी सांगितले, "दुधाला ऊत येतो तशी ही ओढ येते आणि वीसेक मिनिटांत बसते. तेवढा वेळ एकटे राहू नका. हातांना काम द्या, कुणाशी बोला. घसरलात तर लपवू नका."

दिवसा मोबाईल आईच्या पेटीत जाऊ लागला. आणि हातांना काम म्हणून मी मिळाले. पहिल्याच दुपारी त्याने दात-ओठ खात दोरी अशी आवळली, की माझा एक खूर हवेत उचलला गेला.

शेजारचे वैजनाथतात्या हसले. "अरं, बाज विणलीस का लंगडी शेळी? राग काढलास व्हय दोरीवर? सोड सगळं. रोज थोडं विन, पन ताण सारका ठेव."

त्याने सगळे उसवले. मग रोज दुपारी तो विणायचा, मध्येच उठून विहिरीपर्यंत जायचा, परत यायचा.

अकराव्या दिवशी "कारखान्याचा फोन येनार हाय" म्हणून त्याने मोबाईल मागून घेतला. कडी वाजली. मी अर्धवट विणलेली ओट्यावर पडून होते.

संध्याकाळी तो खाली मान घालून बाहेर आला. आईला सांगितले. माझ्या काठावर बसून रुपालीलाही फोन लावून सांगितले.

"सवताहून सांगितलंत, हे पहिल्यांदाच," ती म्हणाली. "बाज किती झाली?"

"निम्मी."

"मग बसा इनायला."

तीन महिन्यांनी बाळाला छातीशी धरून ती आली. आधी घरात गेली नाही. भरला तांब्या आणून माझ्या मधोमध ठेवला. पाणी जरा डुचमळले, सांडले नाही.

"चालंल," ती म्हणाली आणि लेकीला माझ्यावर निजवले.

वैजनाथतात्या गेल्या वर्षी वारले. राहीबाईच्या पेटीत आता रात्री नि सुट्टीच्या दिवशी दोन मोबाईल असतात. रुपालीही आपला ठेवते. लेक ज्ञानेश्वरी माझ्यावर उड्या मारते. गोरक्षनाथ दिवसपाळीला गेला आणि अजून महिन्यातून एकदा नगरला जातो. ओढ गेली का? पुरती नाही. कधी सुट्टीच्या दुपारी तो तडक बाहेर येतो, माझी पायथ्याची दोरी ताणत बसतो, रुपालीला हाक मारतो.

मित्रांनो, दोरी सैल पडतेच. म्हणून बाज मोडीत काढू नका, नि गोठ्यामागे लपवूही नका. उजेडात आणा. दुसरे टोक धरायला कुणाला तरी बोलवा.