पाणी चावत नाही

"शिकवते नाही, आई. शिकवायचे, असं म्हण." मुलीने मोबाइल खाली घेतला. "आता कुठे शिकवतेस तू? उद्या कोणी चौकशी केली म्हणजे?"

आई दुकानातल्या उंच स्टुलावर बसली होती. मागे उघडे पडलेले स्पीकर, वायरींची भेंडोळी, माइकचे दांडे. तिने हनुवटी जराशी खाली केली, तशी गळ्याला पट्ट्याने बांधलेली काळी डबी घुर्रर्र करून जागी झाली.

"मी पोहायला शिकवते," ती पुन्हा तेच म्हणाली.

"घ्या!" बाप हसला. "इतक्या वर्षांत मला तिचं एक वाक्य बदलता आलं नाही, आणि तू निघालीस! चालू कर तुझा कॅमेरा."

मुलीने चालू केला. आईने तलावावर आपल्याला काय म्हणत आणि पुढे काय झालं ते सांगितलं, बापाने डबी कशी चालते ते सांगितलं. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, तलावावर ओरडायचीस ना, तसं काहीतरी म्हण." आईने पाठ ताठ केली. समोर पोरं पाण्यात कुडकुडत उभी आहेत अशी नजर लावली आणि दोन्ही हात हवेत मारत म्हणाली, "पाय मारा, पाय! पाणी चावत नाही!"

तिघंही हसली. आईच्या हसण्याला आवाज नव्हता. तिचे खांदे तेवढे हलले.

तलावावर तिला सगळे भोंगा म्हणत. आधी तिच्या मागे म्हणत, पुढे पुढे तोंडावरही. तिला त्याचं काही वाटत नसे. इतर शिक्षकांच्या गळ्यात शिट्टी असायची, हिच्या कधी दिसली नाही. एका टोकाला उभी राहून ती ओरडली, की दुसऱ्या टोकाला बुडी मारायच्या बेतात असलेलं पोर जागच्या जागी थिजायचं. भित्री पोरं मुद्दाम तिच्याकडे पाठवत. ती चार शिव्या हासडायची आणि पाण्यात उतरून पोराच्या पोटाखाली हात धरायची. पोराला वाटायचं, हात अजून आहे. तो तिने कधीच काढून घेतलेला असायचा.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. त्या भोकातून पाणी आत गेलं तर गुडघाभर पाण्यातही माणूस बुडेल, असं त्यांनी बजावलं. म्हणजे आवाज गेला त्याच दिवशी तलावही गेला. व्यवस्थापक भला माणूस. त्याने तिला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. खिडकीवर बसणाऱ्याला बोलावं लागतं, हे त्याच्या लक्षात नंतर आलं.

हॉस्पिटलने बोलायचं एक यंत्र दिलं होतं, पण ते हाताने गळ्याशी धरावं लागे. ते तिने कपाटात टाकलं. "काय झालं?" नवऱ्याने विचारलं, तर तिने पाटीवर लिहिलं, 'एका हाताने भांडता येत नाही.'

नवरा हाडाचा स्पीकरवाला. सभा-समारंभांना माइक भाड्याने द्यायचा आणि बिघडलेले दुरुस्त करायचा, एवढा त्याचा धंदा. त्याने ते यंत्र खोललं आणि महिनोन्महिने त्यावर खपला. पहिली डबी बदकासारखी बोलली, दुसरी तापून गळ्याला चटका देऊन गेली. शेवटी एक जमली. हात न लावता चालणारी, आवाजाला थोडा चढउतार असलेली. त्या डबीतून आलेलं तिचं पहिलं वाक्य होतं, "आधी तो पंखा पुसा. किती धूळ ती!"

तो स्टुलावर चढून पंखा पुसत राहिला. खाली उतरायला बराच वेळ लागला, कारण डोळे कोरडे व्हायला हवे होते.

तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलात ती डबी इतरांनी पाहिली. त्यांत एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांचा घसाही असाच गेलेला, आणि घरी बायको चाकांच्या खुर्चीत. तिला बागेत फिरवताना काही बोलायचं म्हटलं, की खुर्ची थांबवून यंत्र धरलेला एक हात गळ्याशी न्यावा लागे. उतारावर तर बोलणंच बंद. "आमच्यासाठी होईल का हो अशी?" त्यांनी घरघरत विचारलं.

होईल, असं स्पीकरवाल्याने सांगून टाकलं. पण एक डबी हाताने जुळवायला त्याला कितीतरी दिवस लागत, आणि सरकारी तपासणीचा शिक्का नसलेली वस्तू रोग्यांना विकता येत नव्हती. शिक्क्यासाठी भांडवल पाहिजे. बँकेतल्या माणसाने डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि चहा पाजून परत पाठवलं.

तेव्हा मुलीने एक मार्ग काढला. ती विमा कंपनीत होती, तिथे दुपारी सगळे मोबाइलवर तेच बघत. इंटरनेटवर एक मोठा समूह होता. नवा धंदा काढू पाहणारे तिथे व्हिडिओ टाकून आपापली कल्पना मांडत, महिनाभर सभासद मतं देत आणि वरच्या पाच जणांना भांडवल मिळे. ना जामीन, ना वशिला. दुकानातला तो व्हिडिओ त्यासाठीच होता.

पहिल्या आठवड्यात मतं आली ती ओळखीपाळखीची. त्यापेक्षा प्रश्न जास्त. 'बाजारपेठ किती मोठी आहे?' 'असे रोगी असून असून किती असणार?' स्पीकरवाला एका बोटाने उत्तरं टाइप करी. प्रत्येक उत्तराची सुरुवात 'आदरणीय महोदय' अशी. एकाने विचारलं, 'रोगी वाढण्याची शक्यता किती?' त्यावर त्याने लिहिलं, 'आदरणीय महोदय, वाढू नयेत अशी इच्छा आहे.'

यादीत सगळ्यांत वर होतं कुत्र्याचं भुंकणं माणसांच्या भाषेत सांगणारं ॲप. स्पीकरवाल्याची डबी कुठेतरी तळाशी.

आणि एके दिवशी मतं वाढायला लागली. सकाळी बघावं तर दुपटीने, संध्याकाळी आणखी. स्पीकरवाला जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवू लागला. "बघ, बघ, कुत्र्याच्या मागोमाग आलो!" त्याने केक आणला. "लोकांना चांगलं कळतं गं. उशिरा कळतं, पण कळतं."

मुलीने केक खाल्ला नाही. पोट बरं नाही म्हणाली. त्या दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरून तिला आईचा आवाज आला होता. दचकून ती उठली, तर मोबाइलवर एक कार्टून बदक कंबर हलवत नाचत होतं आणि तोंडाने म्हणत होतं, "पाय मारा, पाय! पाणी चावत नाही!" खाली लिहिलं होतं, 'भोंगा काकूंना मत द्या.' अख्खं टेबल खिदळत होतं. "अगं, बघितलंस का हे? कसली धमाल आहे!" मैत्रीण म्हणाली. मुलगी म्हणाली, "हो."

आईला ते औषधांच्या दुकानात कळलं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या तरुण बाईचा फोन वाजला, तो हिच्या आवाजात. बाईने गडबडीने फोन बंद केला आणि मागे वळून हसली, "सॉरी हं, मुलांनी लावून ठेवलंय." आईने ओढणी गळ्यावर घेतली, मान हलवली आणि औषधाची चिठ्ठी न बोलता पुढे सरकवली.

घरी येऊन तिने मुलीला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला ठाऊक होतं?"

मुलीने नळ बंद केला. "हो."

"बाबांना?"

"नाही गं. कुठल्या तोंडाने सांगू? आई, मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते तो व्हिडिओ."

"मतं पडतायत ना?"

"अगं, ती गंमत म्हणून पडतायत! तुला हसतायत लोक!"

"हसू देत." डबीचा आवाज एकसारखा होता, त्यात राग असला तरी कळायला मार्ग नव्हता. "भोंगा काय लोक प्रेमाने म्हणायचे होय? हेडमास्तर वाट बघतायत. बाबांना बोलू नकोस."

महिना संपत आला तेव्हा समूहाच्या संयोजक मुलीचा फोन आला. आवाज अगदी गोड. "काका, लोकांना काकू फारच आवडल्यात! आणखी एक छोटा व्हिडिओ टाका ना. तलावाच्या काठावर. आणि ते पाय मारा नक्की हवं हं!"

स्पीकरवाल्याने फोन ठेवला आणि बायकोकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की मुलगी उठून बाहेर गेली.

"बोलावतायत तुला," तो म्हणाला. "जायचं?"

"जाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने लग्नकार्याला घालायचा शर्ट इस्त्री करून घातला. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच काठावर आली होती. फरशी ओली होती, पाण्यातल्या औषधाचा तो ओळखीचा वास होता. पाण्यातल्या पोरांनी तिला ओळखलं. एकाने गळ्याला हात लावून घोगऱ्या आवाजात "पाय मारा" म्हटलं, आणि मग सगळ्यांनीच सूर धरला. "पाहिलंस?" नवरा खूश झाला. "विसरली नाहीत तुला!" ती काठाच्या अगदी कडेला गेली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली. मुलीचा कॅमेरा हलला, म्हणून पुन्हा म्हणाली.

महिना संपला तेव्हा डबीला सगळ्यांत जास्त मतं होती. कुत्रं खाली राहिलं.

निकालाचा फोन स्पीकरवाल्याने सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मोठा करून टेबलावर ठेवला.

"काका, जरा अडचण झालीय," संयोजक मुलगी म्हणाली. "इतरांनी हरकत घेतली. समितीने मतं तपासली. त्यातली जवळजवळ सगळी त्या बदकावरून आलेली निघाली. कल्पनेला नाही, गमतीला पडलेली. नियमाप्रमाणे ती बाद करावी लागली."

"कुठलं बदक?" स्पीकरवाल्याने विचारलं.

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

मुलीने ते त्याला दाखवलं. त्याने शेवटपर्यंत पाहिलं, आणि मोबाइल पालथा ठेवला.

"तुला माहीत होतं?"

बायकोने मान हलवली.

"तरी तलावावर आलीस?"

"तुम्ही शर्ट इस्त्री केला होता," ती म्हणाली.

पुढल्या तपासणीला तिघं हॉस्पिटलात गेली. बाकावर बसलेल्या एका माणसाने तिला ओळखलं आणि आपल्या आजारी आईला हसवण्यासाठी म्हणून विनवलं, "काकू, एकदाच म्हणा ना." ती म्हणाली. म्हातारी खरंच हसली.

हेडमास्तर आले, तेव्हा स्पीकरवाला त्यांच्या नजरेला नजर देईना. "मास्तर, नाही जमलं." त्यांनी गळ्याशी नेलेला हात खाली आणला. नुसता स्पीकरवाल्याचा खांदा थोपटला. तेवढ्यात आई आपल्या डबीचा मानेमागचा पट्टा सोडू लागली.

"अगं, काय करतेस?"

"यांना द्या."

"आणि तू? थांब, तुझ्यासाठी मी दुसरी करतो. चार-सहा आठवडे लागतील फार तर."

"मला नको," ती म्हणाली. मग हेडमास्तरांची बारीक मान बघून म्हणाली, "पट्टा सैल होईल त्यांना. एक भोक जास्त पाडून द्या."

तिचं ते शेवटचं बोलणं. स्पीकरवाल्याने पुढे दुसरी डबी केली, तिसरीही केली. तिने दोन्ही डब्या हाताने बाजूला सारल्या, रागावून नव्हे, पोट भरलेला माणूस ताट सारतो तशा. हेडमास्तर एकदा बागेत दिसले. उतारावरून खुर्ची ढकलत चालले होते, आणि त्यांची बायको मान मागे टाकून त्यांचं ऐकत होती. ही झाडामागून बघत उभी राहिली, पण पुढे गेली नाही.

तलावाची नोकरी तिने सोडली. आता ती दिवसभर दुकानात बसते, वायरी सोलून देते. नवरा कामात असला की सवयीने काही विचारतो, "चहा घेऊ या का गं?" ती मान हलवते. त्याची तिच्याकडे पाठ असते, म्हणून तो पुन्हा विचारतो. ती पुन्हा मान हलवते. तिसऱ्यांदा विचारताना त्याला आठवतं आणि तो वळतो.

एका सकाळी त्याने खिडकीला लावलेलं कामाचं टेबल ओढून उलट्या दिशेला फिरवलं. आता ती समोर दिसते. उजेड मात्र पाठीवर पडतो. वायरींना कथलाचा डाग देताना त्याच्याच डोक्याची सावली हातावर येते, आणि त्याला बारीक सांधे चाचपून शोधावे लागतात.