आणखी एका दुकानाची गरज

माझा मेहुणा लोकांचे केस कापतो आणि कापता कापता सरकारचीही हजामत करतो. त्याच्या खुर्चीत बसणाऱ्याला दोन्ही निमूट ऐकून घ्यावं लागतं, कारण गळ्याशी वस्तरा असताना मतभेद कोण दाखवणार? "सरकारनं रस्ते करावेत, चोर धरावेत आणि घरी जावं," हे त्याचं पालुपद. "बाकी बाजार मोकळा सोडा. ज्याच्यात दम असेल तो टिकेल." म्हणून अख्खी गल्ली त्याला मोकळा बाजार म्हणते. त्याला ते आवडतं.

मी परवाना कचेरीत कारकून. म्हणजे त्याच्या मते बाजाराच्या मानगुटीवर बसलेलं भूत. दर महिन्याला मी त्याच्याकडे केस कापून घ्यायचो आणि वर अपमान फुकट घेऊन यायचो. बायकोचा सख्खा भाऊ पडला, करणार काय? शिवाय आमच्या वॉर्डात सलून मोजून तीन. तिन्हीकडे बाकं भरलेली.

ती तीनच का, याचं कारण माझ्या टेबलावर होतं. नमुना नऊ. नवीन सलून काढायचं तर वॉर्डातल्या तीन चालू दुकानदारांनी लिहून द्यायचं की इथे आणखी एका दुकानाची गरज आहे. एकोणीस वर्षं मी हा एकच नमुना तपासत आलो. सही चौकटीच्या आत आहे ना, शाई निळीच आहे ना, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचो. तिन्ही सह्या कुणीच कधी आणल्या नाहीत. त्यावरून मी समजून चाललो होतो की वॉर्डाला गरज नाही.

आता बायकोचं सांगतो. तिचा हात भावापेक्षा हलका. दोघंही वडिलांकडेच शिकले, पण वडिलांनी जाताना दुकान मुलाला दिलं आणि मुलीला कात्री. वारसाला नमुना नऊ लागत नाही, त्यामुळे मेहुण्याला तो स्वतःसाठी कधी भरावाच लागला नव्हता. बायको स्वयंपाकघरात शेजारणींचे केस कापायची. तिच्या पायाखाली केस आणि माझ्या ताटातही केस. मग मेहुण्याच्या समोरचं घड्याळवाल्याचं दुकान रिकामं झालं आणि तिनं मनावर घेतलं.

दोन सह्या तिनं आठवड्यात आणल्या. एक म्हातारा दुकानदार होता, त्याला आता कशाचंच सोयरसुतक नव्हतं. दुसऱ्याच्या बायकोचे केस हीच कापायची, त्यामुळे सही त्याच्या बायकोनंच त्याच्याकडून करून घेतली. तिसरी सही घरचीच, म्हणून ती निर्धास्त होती. मीही बरोबर गेलो.

"अगं, एक काय, दहा सह्या करीन," मेहुणा म्हणाला. "पण गरज आहे का, ते सांग. खोटं कसं लिहू?"

मागे बाकावर सहा जण ताटकळत बसले होते. सातवा दारात उभा होता.

"दादा, ज्याच्यात दम असेल तो टिकेल, हे तूच म्हणतोस ना?"

"तुझ्यात दम आहे गं," तो कात्री खाली ठेवत म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी घरी येईपर्यंत त्याला शिव्या घालत होतो. तेव्हा बायकोनं विचारलं, "मग तुम्हीच दोन सह्यांवर पुढे सरकवा ना." मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." त्या रात्री मला जेवण मिळालं, पण ताट आपटून.

इथे मेहुण्याचं नशीब आडवं आलं. निरुपयोगी नियम छाटायला सरकारनं एक समिती नेमली होती आणि लोकांकडून अर्ज मागवले होते. सगळ्यात जळजळीत अर्ज मोकळ्या बाजाराचा. 'सोबतच्या यादीतले सर्व नमुने ताबडतोब रद्द करावेत.' ती यादी त्यानं माझ्याकडूनच घेतली होती. ज्या दिवशी मागितली त्या दिवशी मी खुर्चीत होतो आणि माझ्या डोक्याची एक बाजू कापायची राहिली होती. मी कचेरीची अख्खी यादी आणून दिली, त्रेचाळीस नमुन्यांची. त्यानं ती न वाचताच जोडली. सरकारी कागद वाचणं त्याच्या तत्त्वात बसत नाही.

सुनावणीला मी कचेरीतर्फे हजर होतो. मेहुणा नवा सदरा घालून आला, टाळ्या वाजवायला गिऱ्हाइकं घेऊन. अध्यक्षबाई एकेक नमुना वाचू लागल्या. नमुना एक, रद्द. टाळ्या. नमुना दोन, रद्द. टाळ्या. नमुना नऊचा मजकूर त्यांनी पूर्ण वाचला, आणि मेहुण्याचे हात हवेतच राहिले.

"थांबा! हा यात कसा आला?"

"तुमच्याच अर्जात आहे. खाली तुमची सही आहे."

"चौकटीच्या आत," मी सवयीनं म्हणालो.

"म्हणजे बाकीचे बेचाळीस रद्द कराच," तो घाम पुसत म्हणाला. "पण केस कापणं वेगळं. इथे जनतेच्या गळ्याचा प्रश्न आहे. उद्या कुणीही उठून वस्तरा धरेल!"

"वस्तऱ्याची परीक्षा वेगळी असते. ती राहणारच आहे," बाई म्हणाल्या. "इथे फक्त गरज आहे का, एवढंच विचारलंय."

"आहे!" त्याचंच एक गिऱ्हाईक मागून ओरडलं. "मी सुट्टीच्या दिवशी याच्याकडे दोन-दोन तास बसतो!"

सभागृह हसलं. मीही हसलो. तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "कारकून, तुम्ही सांगा. या नमुन्याचा उपयोग काय?"

माझं हसू मावळलं. उत्तर पाठ होतं: समतोल, सुव्यवस्था, ग्राहकहित. नमुना गेला की टेबल जाणार, आणि या वयात मला दुसरं काय येतं? मी खरंच घाबरलो होतो. तिसऱ्या रांगेत बायको बसली होती, मांडीवर दोन सह्यांचा कागद. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मला एक बाई आठवली, दोन सह्या घेऊन तीनदा आलेली. एक गृहस्थ आठवले, आपलं काम दाखवायला मुलाचं डोकं घेऊन आलेले. डोक्याखाली मुलगाही होता. काम सुरेख होतं. मी म्हणालो होतो, तीन म्हणजे तीन.

"उपयोग आहे, बाई," मी म्हणालो. "मला आहे. माझं टेबल त्याच्यावर चालतं. मेहुण्यांना आहे, त्यांचं बाक त्याच्यावर भरतं. तिसऱ्या कुणाला झाल्याचं मी पाहिलं नाही."

नमुना नऊ रद्द झाला. मेहुणा जाताना एवढंच म्हणाला, "भावोजी, घरचाच माणूस उलटला." टाळ्या मात्र त्याच्याच गिऱ्हाइकांनी वाजवल्या.

परतताना बायकोनं दोन सह्यांचा कागद घडी करून पिशवीत टाकला.

"एकोणीस वर्षं माहीत होतं तुम्हाला हे?"

"नाही गं. बोलता बोलता कळलं."

"किती जणांना परत पाठवलंत?"

"सेहेचाळीस." रजिस्टर न बघता आकडा तोंडात आला, याची मला लाज वाटली.

"मग त्यांना पत्रं लिहा. नियम गेला हे त्यांना कोण सांगणार?"

ही बाई माझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे, असं मला वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही. घरी येऊन कपडेही न बदलता लिहायला बसलो. बारा पत्रं झाली. तेराव्या पत्त्याशी मी थांबलो.

"ही तीनदा आलेली बाई. तुझ्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहते. हात फार चांगला आहे म्हणतात."

बायको कात्री पुसत होती. तीच तीच पाती तिनं चार वेळा पुसली.

"लिहा की," ती म्हणाली. "लिहायलाच पाहिजे." मग तिनं बाराही पाकिटं गोळा केली आणि कपाटावर, माझा हात पोचणार नाही अशी, मागे सरकवून ठेवली. "फक्त टपालात पुढच्या महिन्यात टाकू. आधी माझं बस्तान बसू दे."