भुजंगकाकांच्या डोक्यातले आठ आकडे

निलंग्याच्या आमच्या छोट्या दवाखान्यात सहा कॉम्प्युटर, एक सीटी स्कॅनचं मशीन आणि एक राउटर. एवढ्याशा नेटवर्कची सगळी माहिती भुजंगकाकांच्या डोक्यात. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली, पण त्यांनी पासवर्डचा एक चिटोरा कधी दाखवला नाही. वही करू म्हटलं की म्हणायचे, "मी हाय की, सुकन्या. वही कशाला लागती?" मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

खंडेनवमीला काका सुट्टीवर होते. झाडलोट करणाऱ्या पंचफुलामावशींनी सकाळी सगळ्या मशिनी पुसून हळदकुंकू वाहिलं. राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात धूळ दिसली म्हणून मावशींनी उदबत्तीच्या काडीनं ते कोरून कोरून साफ केलं. ते भोक रीसेटचं. आतलं बटण दाबून धरलं की राउटर सगळं विसरतो, तसा तो विसरला.

कंपनीचे कागद शोधून मी दुपारपर्यंत इंटरनेट सुरू केलं. पण आमचे स्कॅन नांदेडचे तज्ज्ञ डॉक्टर बघतात. त्यांच्याकडे पाठवायला राउटरमध्ये आठ आकड्यांचा पासवर्ड भरावा लागतो, आणि तो फक्त काकांना ठाऊक. फोन लावून लावून थकले, ते उचलेनात. मी त्यांच्या नावानं बोटं मोडत बसले.

दोन वाजता काका स्वतःच आले, जीपमधून, दोघांच्या खांद्यावर. उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं झालं होतं, वाचा गेली होती. अकरा वाजता ते कोसळले, तेव्हा नवरात्राच्या उपवासानं चक्कर आली असं समजून घरचे लिंबूपाणी पाजत बसले होते.

"पक्षाघाताचं इंजेक्शन साडेचार तासांत, म्हणजे साडेतीनच्या आत द्यायला हवं," आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मेंदूत रक्तस्राव असला तर त्याच इंजेक्शननं ते जातील. नांदेडच्या सरांनी स्कॅन बघितल्याशिवाय मी देणार नाही."

स्कॅन काढला. पडद्याचे फोटो मोबाइलवरून पाठवले. यावरून काही सांगता येत नाही, मूळ स्कॅनच पाठवा, असं सरांनी कळवलं. लातूरला न्यायचं तर वाटेतच साडेतीन वाजले असते.

पावणेतीनला मी काकांच्या खाटेशी गेले. त्यांच्या बायको, साखराबाई, पाय चोळत बसल्या होत्या. लिहिण्याचा उजवा हात गेलेला, म्हणून मी काकांचा डावा हात हातात घेतला.

"काका, समजतंय का? नांदेडचा पासवर्ड पाहिजे. जेवढा आकडा तेवढ्यांदा हात दाबा. शून्य असलं तर डोळे मिटा."

त्यांनी सात वेळा दाबला. मग दोन. मग डोळे मिटले. आणि मग हातच काढून घेतला.

मला वाटलं, शुद्ध गेली. पण ते दाराकडे बघत होते. दारात आमचे व्यवस्थापक अर्जुनराव उभे होते. काकांचा करार दर अकरा महिन्यांनी नवा व्हायचा, आणि तो अर्जुनरावांच्याच सहीनं. दोन वर्षं वही का झाली नाही, ते मला त्या क्षणी कळलं. माझी मलाच लाज वाटली.

"साहेब, बाहेर थांबा," मी म्हटलं. दार लावून घेतलं.

"काका, तुमची जागा मी घेणार न्हाई. माझ्या आईची शपथ. पण आकडे द्या."

साखराबाई रडत म्हणाल्या, "द्या की हो. जीवापेक्षा मोठी हाय का नोकरी?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात पुन्हा माझ्या हातात आला. उरलेले पाच आकडे मी तळहातावर लिहिले आणि पळाले.

पासवर्ड चुकला. तीनदा चुकला की तासभर बंद. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. परत येऊन एकेक आकडा वाचून दाखवला. सहाव्यावर त्यांनी हात जोरात दाबला. पुन्हा मोजले: आधी मी चार लिहिले होते, होते पाच.

या वेळी वाट उघडली. स्कॅन जायला लागलेली नऊ मिनिटं मी पडद्यासमोर उभीच होते. तीन वीसला सरांचा फोन आला: रक्तस्राव नाही, द्या. साडेतीनच्या आत इंजेक्शन गेलं.

पुढच्या दोन दिवसांत, वाचा परतली नव्हती तरी, काकांनी डाव्या हातानं, दाबून आणि खुणा करून, मला सगळं दिलं. कोणत्या मशीनचा पत्ता काय, कोणती वायर कुठं जाते, कोणाचा पासवर्ड कोणता. मी आपण होऊन काही मागितलं नव्हतं. वहीची चौदा पानं भरली.

तिसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी बोलावलं. "आता सगळं लिहून घेतलंस म्हणे. बरं झालं. मग दिवाळीनंतर भुजंगरावांचा करार वाढवायचं काही कारण न्हाई. तू एकटी बघशील की."

वही माझ्या पर्समध्ये होती.

"न्हाई साहेब," मी म्हटलं. "आठच आकडे मिळाले. बाकी सगळं त्यांच्याच डोक्यात हाय."